मोकळा मांडलेला पाट

आमच्या घरातील एका सागवानी पाटाचा पृष्ठभाग, त्यावर कोणीही बसलेले नसताना, दुपारच्या वाचनानंतर खोलीतील इतर लाकडापेक्षा पाच अंशांनी अधिक उबदार आढळत असे.

मी बुलढाण्याच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालो. माझे नाव लक्ष्मीकांत. घरात मी आणि माझी पत्नी वासंती असे दोघेच असतो. मुलगा श्रेयस आणि सून नीरजा पुण्यात राहतात. स्वयंपाकाला आणि वरकामाला कलाबाई सकाळी येतात आणि दिवेलागणीपूर्वी घरी जातात.

डिसेंबरच्या अखेरीस वासंतीच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. डावा डोळा काचबिंदूने कधीच निकामी केला होता. त्यामुळे तिची सारी दृष्टी त्या एका पडद्यावर अवलंबून होती. छत्रपती संभाजीनगरच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून पडदा जागेवर बसवला आणि तो तिथेच दाबून राहावा म्हणून डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला. बुडबुडा नेहमी वर जातो. पडदा डोळ्याच्या मागच्या बाजूला असतो. तेव्हा बुडबुड्याने पडद्याला टेकून राहावे, तर चेहरा सतत जमिनीकडे हवा. उत्प्लावक बलाचा इतका नेटका उपयोग मी तोवर पाहिला नव्हता, आणि तसे मी बोलूनही दाखवले. डॉक्टर हसले नाहीत.

"दोन आठवडे मान खाली," ते म्हणाले. "जेवताना, बसताना, झोपताना. एकदा जरी झटक्यात वर बघितलं आणि पडदा सुटला, तर तो पुन्हा बसेल याची खात्री मी देणार नाही."

वासंतीने आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवले. वर्गात मागच्या बाकावर खुट्ट झाले की तिची मान आपोआप वर येई. ती सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती. घरी आल्यावर पहिल्याच सकाळी दूधवाल्याने घंटी वाजवली आणि तिने मान उचलली. मी ओरडलो. दुपारी कुकरची शिट्टी झाली आणि मी पुन्हा ओरडलो. संध्याकाळी ती रडली.

"या अवस्थेत रडणं सोपं आहे," ती थोड्या वेळाने म्हणाली. "पदर लागत नाही. सरळ खाली पडतं."

मी तिच्यासाठी उत्तरेकडच्या खोलीत व्यवस्था केली. खुर्ची, पुढे टेबल, टेबलावर मधे पोकळी असलेली गोल उशी. त्या उशीवर कपाळ टेकवून ती बसे. तिला टेबलाखेरीज काही दिसत नसे. ती खोली मी निवडली ती तिथे ऊन येत नाही म्हणून. जानेवारीत घाटाकडून वारा सुटला की बुलढाण्यात त्या बाजूच्या भिंती दिवसभर गार असतात.

नीरजाने तिला एक इंग्रजी कादंबरी पाठवली होती. शंभर वर्षांपूर्वीचे इंग्लंड, खेड्यातली एक प्रचंड हवेली, बर्फामुळे अडकून पडलेले पाहुणे आणि ग्रंथालयातील गालिच्यावर मृतावस्थेत सापडलेले घरमालक. अशा पुस्तकांत कोणाला फारसे दुःख होत नाही आणि चहाची वेळ कधी चुकत नाही. वासंतीला ती अतिशय आवडतात. मी एकही वाचलेले नव्हते.

"तुम्ही वाचून दाखवा," ती म्हणाली. "मराठीत."

"मूळ इंग्रजी आहे. तुला इंग्रजी येतं."

"कलाबाईंना येत नाही. आणि त्या स्वयंपाकघराच्या दारातून ऐकणारच आहेत. आणि पाट मांडा."

"कुठला पाट?"

"वाचणाऱ्याच्या समोरचा."

वासंतीचे वडील मेहकरला पोथी सांगत. वाचन सुरू करण्यापूर्वी ते समोर एक रिकामा पाट मांडीत आणि हात जोडून म्हणत, "हनुमंता, या, बसा." जिथे पोथी वाचली जाते तिथे मारुती ऐकायला येतो, अशी ती समजूत. त्यांच्या घरात तोंडाने मोठ्याने वाचायचे ते पाट मांडूनच. पाट मांडला की वाचन अर्धवट सोडायचे नाही. वासंतीचा देवावर बेताचाच विश्वास आहे. पण पाटाशिवाय वाचलेले तिला ऐकू आल्यासारखे वाटत नाही.

"ही खुनाची गोष्ट आहे," मी म्हणालो.

"म्हणून तर मी मारुतीला बोलावलं नाही. त्या बिचाऱ्याला कशाला? पाट नुसता मोकळा मांडा."

ती मान खाली घालून बसणार असेल, तर मी सिंहासनही मांडले असते. माळ्यावरून तिच्या वडिलांचाच पाट काढला. त्याचा एक पाय झिजला होता. बसलेल्याने जरा वजन इकडचे तिकडे केले की तो 'टक' असा आवाज करी. खुर्चीपासून चार हातांवर, माझ्या समोर, मी तो ठेवला.

पहिल्या दिवसापासून वाचनाचा अपेक्षित परिणाम झाला. वासंती दोन तास हलली नाही. बाहेर भोंगा वाजला, कोणी हाक मारली, तरी तिचे कपाळ उशीवरच राहिले. कलाबाई भाजी निवडत दारात बसल्या. त्यांनी या आधी खुनाची गोष्ट ऐकली नव्हती, पण त्यांना लगेच शंका येऊ लागल्या.

"सर, हे लोक दिवसभर चाच पेतात का?"

"बहुधा."

"मंग याइचं वावर कोन पाह्यते?"

"त्यांच्याकडे कुळं आहेत."

"मंग खून कुळानंच केला," कलाबाई म्हणाल्या. "मी तं केला असता."

"कलाबाई, अजून तिसरंच प्रकरण आहे," वासंती उशीतून म्हणाली. "आधी सगळ्यांवर संशय घ्यायचा असतो."

"मले तं तो खानसामा पन बरा नाई वाटून राह्यला. लयच हळू चालते."

तपास करणारी व्यक्ती मिस टिबल नावाची एक अविवाहित प्रौढा होती. ती झाडांची चित्रे काढी आणि लोकांच्या बोलण्यातल्या फटी शोधी. तिच्याविषयी मला आदर वाटू लागला होता. तिची पद्धत शुद्ध होती: जे शक्य नाही ते एकेक वगळायचे. मला खटकत होती ती वर्णने. गुलाबाचे वाफे, पडदे, चांदीची भांडी. दुसऱ्या दिवशी मी बागेचे दीड पान गाळून पुढे गेलो.

टक.

"काही गाळलंत का?" वासंतीने विचारले.

"बाग."

"बाग हवी."

मी मागे जाऊन बाग वाचली. आवाज पाटाचा होता, हे मला कळले होते. लाकूड थंडीत आकसते आणि क्वचित वाजते. मी त्याकडे दुर्लक्ष केले. पुढे पडद्यांचे वर्णन आले तेव्हा मी ते मुद्दाम गाळले.

टक.

त्यानंतर मी काही गाळले नाही.

उबेचा शोध कलाबाईंना लागला. वाचन संपल्यावर त्या खोली झाडायला आल्या, पाट उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"याच्यावर कोन बसलं होतं हो, सर?"

"कोणीच नाही."

"हात लावा."

मी हात लावला. नुकतेच कोणी उठून गेल्यावर खुर्ची लागते तसा तो लागला. मी कलाबाईंकडे पाहिले. त्या बौद्ध आहेत. त्यांच्या घरी अंगात येणे, उतारा, लिंबू-मिरची यांना थारा नाही, आणि या बाबतीत त्या माझ्याहून कडक आहेत.

"मी असं काई मानत नाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पन गरम हाय तं हाय."

"साधंच काही कारण असेल. मी बघतो. बाईंना सांगू नका. कुतूहलानं त्या मान वर करतील."

"हाव. त्या तं करतीनच."

कोविडच्या काळात घेतलेला, कपाळावर रोखायचा तापमापक घरात होता. त्याला वस्तूचे तापमान घेण्याचीही सोय असते. त्याने मी पाट मोजला, टेबल मोजले, दाराची चौकट मोजली; पाटच पाच अंशांनी अधिक भरला. तेव्हापासून मी रोज मोजू लागलो. भिंतीत गरम पाण्याची नळी नाही. फरशीखाली वायर नाही. घरात मांजर नाही. पाट दुसऱ्या भिंतीपाशी हलवून पाहिला, तिथेही तेच. एके दिवशी वाचनाऐवजी वासंतीला नुसती गाणी लावून दिली. पाट गार राहिला. मग मी तिला माझ्या जुन्या पाठ्यपुस्तकातले उष्मागतिकीचे प्रकरण वाचून दाखवले. वासंती दुसऱ्या पानावर घोरू लागली आणि पाट गारच राहिला. वर्तमानपत्राने काही घडले नाही. कादंबरी उघडली की पाट तापे. एवढ्यावरून श्रोत्याच्या अभिरुचीविषयी निष्कर्ष काढणे घाईचे ठरले असते.

पाट उचलून माळ्यावर ठेवावा, असे मला एकदा वाटले. भीतीने नव्हे, समोर एक अनियंत्रित घटक ठेवून वाचणे अस्वस्थ करणारे होते. मी वासंतीला सहज विचारल्यासारखे विचारले.

"उचला," ती म्हणाली. "पण मग मी इथे बसणार नाही. अर्ध्यावर उचललेला पाट वाईट."

तिचे आठ दिवस राहिले होते. मी पाट उचलला नाही.

बाजारात दीपकचे धान्याचे दुकान आहे. तो माझा विद्यार्थी. काठावर उत्तीर्ण झाला होता. त्याच्याकडे पोती मोजण्याचा इलेक्ट्रॉनिक काटा असतो.

"सोयाबीन मोजाचं हाय का, सर?"

"नाही. पाट."

"पाट काऊन मोजता?"

"एक प्रयोग आहे."

दीपकने काटा रिक्षात ठेवून दिला. "तुमचे प्रयोग मले कधी समजलेच नाईत, सर," तो म्हणाला. "म्हनूनच तं दुकान टाकलं."

वासंती अंघोळीला गेली असताना कलाबाईंनी आणि मी काटा खोलीत नेला, त्याचा आवाज बंद केला, वर पाट ठेवला आणि आकडा शून्यावर आणला. अंकांची पट्टी माझ्याकडे तोंड करून ठेवली. उशीवर कपाळ टेकवलेल्या वासंतीला ती दिसणे शक्य नव्हते.

मी नववे प्रकरण वाचायला घेतले. पहिल्या परिच्छेदात आकडा शून्यच होता. दुसऱ्यात तो सहा झाला, मग अठरा, मग तीस. कोणी आधी जरासे टेकावे आणि मग सावरून बसावे, तसा. एक्केचाळीस किलोवर तो थांबला. वासंतीचे वजन बासष्ट आहे, माझे एकाहत्तर. कलाबाईंनी आपले सांगण्यास नकार दिला. पण त्या दारात उभ्या होत्या.

हवेलीत त्या प्रकरणात विशेष काही घडत नव्हते. कर्नलने चिडून पाइप आपटला, मुलांना शिकवणारी बाई मिस एडिथ खिडकीपाशी विणत बसली होती, खानसाम्याने चहा आणला. माझा आवाज मात्र बदलला असावा.

"तुम्ही आज फार छान वाचताय," वासंती म्हणाली. "कोणी बघत असल्यासारखं."

कलाबाई स्वयंपाकघरात निघून गेल्या.

उरलेले दिवस आम्ही तसेच काढले. मी वाचत होतो, आकडा चढत होता, वासंती उशीत तोंड घालून तर्क लढवत होती. तिचा संशय हवेलीतल्या डॉक्टरवर होता. कलाबाईंनी कुळाला सोडून खानसाम्याला धरले होते. त्यांच्यात चहाच्या एका कपाची पैज लागली. पाटाकडे न पाहण्याची कलाबाईंनी सवय करून घेतली. मला ती करता आली नाही. एकदा हवेलीतल्या पोपटाने पाद्र्याला शिवी दिली, तेव्हा वासंती हसली आणि समोरचा आकडा काही क्षण थरथरत राहिला. हसणाऱ्या माणसाला काट्यावर उभे केले, तर आकडा तसाच थरथरतो.

बुडबुड्याच्या शेवटच्या दिवसांत आम्ही शेवटच्या प्रकरणाला आलो. मिस टिबलने सर्वांना दिवाणखान्यात बोलावले. बाहेर बर्फ थांबले होते. एकेकाची सुटका होऊ लागली: आधी कर्नल, मग खानसामा.

"गेला माहा चहा," कलाबाई दारातून म्हणाल्या.

मग डॉक्टर सुटला.

"शक्यच नाही," वासंती म्हणाली. तिचे खांदे ताठ झाले.

मी वाचत राहिलो. काटा एक्केचाळीसवर होता. मिस टिबल म्हणाली, की प्रत्येक प्रसंगी खोलीत आणखी एक व्यक्ती हजर होती. प्रत्येकाने तिला पाहिले होते आणि कोणीही तिला मोजले नव्हते. ती वळली आणि खिडकीपाशी विणत बसलेल्या मिस एडिथकडे तिने बोट दाखवले.

"शिकवणारी बाई?" वासंती म्हणाली.

तिची मान उठली.

मागच्या बाकावर खुट्ट झाल्यावर उठत असे, तशीच. कपाळ उशीपासून सुटले.

टक.

काटा शून्य झाला.

वासंतीची मान जिथे होती तिथे थांबली. हळूच थांबली, तिने स्वतः थांबवल्यासारखी नाही. मग ती खाली येऊ लागली. मानेवरचे केस चपटे झाले होते. कपाळ उशीला टेकले.

मी वाचायचा थांबलो होतो. कलाबाईंनी दाराची चौकट धरली होती.

"वाचा ना," वासंती म्हणाली. "मी नाही हलत आता."

मी वाचले. मिस एडिथने सारे कबूल केले. कशासाठी केले, तेही सांगितले. काटा शून्यच होता.

"हात काढा हो," वासंती म्हणाली. "धरून ठेवायची गरज नाही."

माझे दोन्ही हात पुस्तकावर होते. मी तिच्यापासून चार हातांवर होतो.

"काढतो," मी म्हणालो.

आकडा हलला. बारा. एकोणतीस. एक्केचाळीस.

मी शेवटचे पान वाचले आणि पुस्तक मिटले. काही क्षण आकडा तसाच होता. मग तो सावकाश शून्यावर आला. पुन्हा चढला नाही.

कलाबाईंनी तिघांसाठी चहा केला. पैज दोघीही हरल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात आम्ही तपासणीला गेलो. डॉक्टरांनी बराच वेळ डोळ्यात पाहिले आणि पडदा पूर्ण चिकटल्याचे सांगितले. "कमाल शिस्त ठेवलीत, मॅडम," ते म्हणाले. "एकदाही मान वर झाली नाही?"

"एकदा होणार होती," वासंती म्हणाली. "यांनी धरली."

परतताना धाडला आठवडी बाजार होता. एसटी, जीप आणि भाजीच्या पाट्या यांतून मी गाडी इंचाइंचाने पुढे नेत होतो. वासंती खिडकीबाहेर पाहत होती. वांगी, बांगड्या, शेळ्या, लोकांचे चेहरे, जे दिसेल ते. ती दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होती. मी तिला बऱ्याच वर्षांत इतके आनंदी पाहिले नव्हते.

"एक विचारू?" ती पाट्या वाचता वाचता मधेच म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही माझी मान धरलीत. एक हात मागून मानेवर, एक कपाळाखाली. लहान बाळाला धरतात तसा."

"हं."

"आणि तुमचं वाचनही चालू होतं."

"हो."

"मग पुस्तक कोणी धरलं होतं?"

पुढची जीप हलली. मी गियर बदलला.

"मांडीवर होतं," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिले. दोन्ही डोळ्यांनी, पण एकानेच दिसत होते. मग ती हसली आणि पुन्हा बाहेर पाहू लागली.

"बरं," ती म्हणाली.

काटा मी दीपकला परत केला. त्याआधी दहा किलो तांदळाने तो तपासला; त्यात दोष नव्हता. तापमापक कलाबाईंच्या, वासंतीच्या आणि माझ्या कपाळावर तपासला. त्यातही दोष नव्हता. ऊन, नळी, वायर, प्राणी, लाकडातील रासायनिक क्रिया आणि माझी कल्पनाशक्ती ही कारणे मी एकेक करून वगळली आहेत. उरले ते एकच, आणि ते येथे नोंदवतो. पाट उबदार होई, कारण त्यावर कोणीतरी बसत असे.